आधी पाणी, मग शिसं, मग फ्लोट

शुक्रवार संध्याकाळ, ठाणे

भाची मार्चमध्ये मैत्रिणींबरोबर हिमाचलला, तीर्थन खोऱ्यात चालली आहे. तिथे ट्राउटवर गळ टाकायचा तिचा बेत आहे. तीर्थन ही बियासची उपनदी, लारजीजवळ तिला मिळते. ब्रिटिश काळात आणून सोडलेला ब्राउन ट्राउट या नद्यांमध्ये चांगला रुजला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट धरायला बंदी असते, म्हणून मार्च. ती पुण्याहून आली ती नवी काठी आणि फ्लोटचं, म्हणजे गळाच्या दोऱ्यावर बांधायच्या तरंगत्या खुणांचं, एक भलंमोठं पाकीट घेऊनच. "मामा, यातला ट्राउटचा कुठला?" हा तिचा दारातला पहिला प्रश्न.

पाकिटात लाल-पांढरे गोल बोये होते, दोन-तीन जाडे लंबगोल फ्लोट होते आणि तळाशी, कुणी ढुंकूनही पाहणार नाही असे, काडीसारखे बारीक टोकाचे चार. मी ते चार बाजूला काढले आणि बाथरूममधली बादली भरून घेतली.

फ्लोट दुकानात डोळ्यांनी निवडला जातो. रंग दिसतो, आकार दिसतो, हातात घेतला की भरीव वाटतो. पण पाण्यात गेल्यावर त्याचं काम एकच, खाली लावलेलं वजन तोलून धरणं आणि त्या वजनात झालेला फरक वर दाखवणं. म्हणजे आधी ठरवायचं ते वजन. वजन ठरतं पाण्याच्या खोलीवर, धारेवर आणि वाऱ्यावर. फ्लोटची पाळी शेवटी येते. हा क्रम एकदा डोक्यात बसला की पाकिटातल्या निम्म्या वस्तूंचा प्रश्न आपोआप मिटतो.

बादलीत आधी लाल-पांढरा बोया सोडला. अडीच सेंटिमीटर व्यासाचा गोळा, म्हणजे साधारण ८ घनसेंटिमीटर आकारमान. त्याला पूर्ण बुडवायला एकूण ८ ग्रॅमचा भार लागतो. बोयाचं स्वतःचं वजन ग्रॅम-दीड ग्रॅम, खाली लावलेलं शिसं १ ग्रॅम. उरलेले पाच-सहा ग्रॅम कोण लावणार? मासा. तळहाताएवढा मासा आमिष तोंडात घेतो, त्याला वर काहीतरी ओढतंय हे कळतं आणि तो ते थुंकून देतो. वर बोया नुसता डुलतो.

मग बारीक टोकाचा फ्लोट घेतला. टोकाची जाडी २ मिलिमीटर. छर्रे, म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्या, दोऱ्यावर एकेक करून चिमटत गेलो, टोक २ सेंटिमीटर वर राहीपर्यंत. आता ते टोक बुडवायला किती जोर लागेल? २ मिलिमीटर व्यासाच्या काडीचा २ सेंटिमीटर तुकडा जेवढं पाणी बाजूला सारेल तेवढाच, म्हणजे साधारण ०.०६ ग्रॅम. बोयाच्या मानाने ऐंशी-नव्वद पट कमी. भाची इंजिनिअर आहे, तिने आकडेमोड फोनवर करून पाहिली आणि गोल बोये स्वतःहूनच पाकिटात परत भरले.

छर्ऱ्यांची मापंही तिथेच समजावली. आपल्याकडे दुकानात शिशाचे छर्रे बहुतेक नुसते 'छोटे-मोठे' म्हणून मिळतात, पण डबीवर इंग्लिश मापं असतील तर ती अशी वाचायची. एएए म्हणजे ०.८ ग्रॅम. बीबी त्याच्या निम्मा, ०.४. चार नंबर ०.२ च्या किंचित खाली, सहा नंबर ०.१ आणि आठ नंबर ०.०६. आकडा वाढला की छर्रा लहान होतो. आठ नंबरचा एक छर्रा त्या बारीक टोकाला जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली ओढतो. तोच छर्रा ५ मिलिमीटर जाड टोकाच्या फ्लोटला लावला तर तीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो पाण्यावरच्या लहरींत दिसतही नाही.

रात्री जेवताना बहिणीने विचारलं, "मासे धरायला जाताय की प्रयोगशाळेत?" दोन्ही, असं भाचीच म्हणाली.

शनिवार, भिवंडीजवळ

शहरातल्या तलावांवर आम्ही गळ टाकत नाही. मासुंदा, उपवन, कचराळी या जागा लोकांच्या फिरण्या-बसण्याच्या, आणि मासेमारीचे हक्क तिथे महापालिकेच्या परवानगीने चालतात. भिवंडीच्या पुढे ओळखीच्या एका शेतकऱ्याचं शेततळं आहे. राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्यानंतर असली तळी गावोगाव दिसू लागली. हे तीसेक मीटर लांब-रुंद आणि मधोमध तीन मीटर खोल. त्यात रोहू-कटला सोडलेले आहेत आणि न सोडता आलेली चिलापी भरपूर आहे.

चिलापी म्हणजे तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली आपल्याकडे आणला गेला आणि मग जिथे पाणी तिथे पोचला. अमेरिकेत ब्लूगिल, क्रॅपी, सनफिश अशा तळहाताएवढ्या, तव्यात मावणाऱ्या माशांना मिळून पॅनफिश म्हणतात. ते मासे आपल्याकडे नाहीत. पण लहान तोंड, टिपून टिपून खाण्याची सवय, काठाजवळचा वावर या सगळ्यात चिलापी त्यांच्याच पंगतीतली. पॅनफिशसाठी जे फ्लोट आणि जी वजनं चालतात, ती चिलापीला तंतोतंत लागू पडतात.

पोचलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. भाचीने आमिष लावायला घेतलं, मी थांबवलं. आधी खोली मोजायची. गळालाच एक मोठा छर्रा चिमटायचा आणि फ्लोट वर-खाली सरकवत टाकत राहायचं. फ्लोट बुडाला तर खोली कमी धरली आहे, आडवा पडला तर जास्त. टोक जेमतेम दिसलं की गळ तळाला टेकला. काठीवर त्या मापाची खूण करून ठेवायची. शेततळ्याला उतार असतो, त्यामुळे काठापासून दर हातभर अंतरावर खोली बदलते. तिने वहीत उताराचा आराखडाच काढला. काठाजवळ पाऊण मीटर, काठीच्या टोकाखाली दीड, त्याच्या पुढे सरळ खोल.

मग वॅगलर बांधला. वॅगलर म्हणजे ज्याच्यातून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, फक्त खालच्या टोकाला ओवतात तो फ्लोट. वाऱ्याच्या उभ्या पाण्यावर तो बरा, कारण काठीपासून फ्लोटपर्यंतची तंगूस पाण्याखाली घालता येते. टाकल्यावर काठीचं टोक पाण्यात बुडवायचं आणि दोन-तीन वेटे भरभर गुंडाळायचे. एकूण वजनाचे तीन-चतुर्थांश छर्रे फ्लोटच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी दाबून बसवायचे. त्याने टाकताना फ्लोट पुढे जातो, गुंता होत नाही, आणि खाली गळाकडे फार थोडं वजन राहतं.

ते खालचं थोडं वजन कसं मांडायचं, यात सगळी गंमत आहे. आधी आठ नंबरचे छर्रे शर्टाच्या गुंड्यांसारखे समान अंतरावर लावले. असं मांडलं की पिठाची गोळी सावकाश, तिरकी, नैसर्गिक पडते. सकाळी ऊन पाण्याच्या वरच्या थरावर आलं की चिलापी मध्यावर तरंगते आणि पडतं आमिष वाटेतच उचलते. तसंच झालं. फ्लोट उभा राहायला जेवढे क्षण लागायला हवेत त्यापेक्षा जास्त लागले. भाची फ्लोट बुडायची वाट बघत बसली होती. मी म्हटलं, "तो अजून उभाच राहिला नाही, म्हणजे खालचं वजन कुणीतरी धरलंय." तिने काठी उचलली आणि पहिली चिलापी आली, वीतभरही नाही, पाठ राखाडी, कल्ल्यापाशी पिवळसर.

ही गोष्ट जाड फ्लोटवर कधीच दिसली नसती. शेवटचा छर्रा लागल्यावर टोक किती खाली जायला हवं हे माहीत असेल तर ते खाली न जाणं हाही एक निरोप असतो.

दहा-साडेदहानंतर वरचे मासे बंद झाले. बारीक पिल्लं मात्र आमिष तळाला पोचायच्या आत पोखरत होती. तेव्हा मांडणी उलटी केली. छर्रे एका ठिकाणी गोळा करून गळाच्या वर वीतभर आणले, म्हणजे गोळी पिल्लांच्या थरातून झपकन खाली जाते. आणि शेवटचा छर्रा जरा मोठा, चार नंबरचा, गळापासून चार बोटांवर, थेट तळाला टेकेल असा.

याला इंग्लंडात लिफ्ट म्हणतात. मासा तळावरची गोळी उचलायला डोकं खाली करतो, तोंडात घेऊन सरळ होतो आणि त्याबरोबर तो छर्रा तळावरून उचलला जातो. फ्लोटवरचा भार हलका होतो. मग टोक खाली जाण्याऐवजी वर येतं. आधी सेंटिमीटरभर, मग आणखी, आणि शेवटी फ्लोट पाण्यावर आडवाच पडतो. भाचीने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली, तोवर मासा गेला. दुसऱ्या वेळी फ्लोट वर यायला लागताच तिने मनगट फिरवलं. मग दुपारपर्यंत तिला माझी गरज उरली नाही.

जेवणानंतर वारा सुटला आणि फ्लोट ओढला जाऊ लागला. फ्लोटच्या वर, काठीच्या बाजूला, हातभर अंतरावर आठ नंबरचा एक छर्रा लावला की तंगूस पाण्याखाली राहते. एवढ्या उपायाने तासभर निभावलं, पुढे तेही जमेना. काठाला सावलीत बसून शेतकऱ्याने दिलेला चहा प्यायलो. चांगली तेवढी चिलापी त्यांच्याच घरी दिली. भाजी काय करायची, हा त्यांचा दुपारचा प्रश्न सुटला.

रविवार, वांगणी

ट्राउटच्या दृष्टीने कामाचा दिवस हाच. ठाण्यात ट्राउट नाही आणि असूही शकत नाही. त्याला १० ते १६ अंशांचं थंड, प्राणवायूने भरलेलं वाहतं पाणी मानवतं, वीस अंशांच्या वर तो हैराण होतो. पण ट्राउटच्या नदीवरची खरी अडचण मासा नसतो, धार असते. आणि धार आपल्याकडेही आहे.

कर्जत लोकल पकडून वांगणीला उतरलो. कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर डबक्यांवर येतात, उल्हास मात्र उन्हाळ्यातही वाहते. कारण आंध्रा जलाशयाचं पाणी घाट उतरून भिवपुरीच्या वीजकेंद्रात येतं आणि टर्बाइनमधून सुटलेलं पाणी उल्हासमध्ये पडतं. त्या पाण्यावर खाली बदलापूरपासून कित्येक गावांची-शहरांची तहान भागते. आम्हाला मिळाली ती फेब्रुवारीतली कमरेएवढी, स्वच्छ, एकसारखी धार. वीज जशी बनेल तसं पाणी कमी-जास्त होतं, म्हणून काठावरच्या एका दगडावर खूण करून ठेवली आणि तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवलं. नदीवर ही सवय जिवाची आहे. तीर्थनवरही दुपारी बर्फ वितळलं की पाणी चढतं.

वॅगलर इथे चालत नाही. तो तळाशीच बांधलेला, त्यामुळे धारेत त्याला रोखून धरायला गेलं की तो बुडतो. इथे वर-खाली दोन्हीकडे रबराने बसवलेला फ्लोट हवा, ज्याला काठीवरून मागे ओढून धरता येतं.

मागे का ओढायचं, हे समजलं तर ट्राउटचं अर्धं शास्त्र समजलं. नदीत वरचं पाणी जोरात जातं आणि तळाचं, दगडगोट्यांना घासून, बरंच हळू. मासा तळाशी, धारेकडे तोंड करून, एखाद्या दगडाच्या आडोशाला असतो. त्याच्याकडे जे खाणं येतं ते तळाच्या वेगाने येतं. आपण फ्लोट मोकळा सोडला तर तो वरच्या वेगाने पळतो आणि आमिषाला फरफटत नेतो. माशाला रोज दिसणाऱ्या किड्या-अळ्यांपेक्षा दुप्पट वेगाने धावणारं गांडूळ दिसतं. तो हलत नाही.

भाचीला मी एकच गोष्ट पाहायला सांगितली. वरच्या उथळ खळाळातून फेसाचे ठिपके वाहत येत होते. फ्लोटच्या शेजारी एक ठिपका धरायचा आणि दोघांची शर्यत लावायची. ठिपका पुढे गेला पाहिजे. फ्लोट त्याच्या बरोबरीने चालला तर तो जास्त वेगात आहे. रीळवर बोट टेकवून तंगूस थोडी थोडी सोडायची, फ्लोटला कणभर अडवत राहायचं. असं अडवलं की खालचं आमिष फ्लोटच्या पुढे जातं आणि माशाला आधी गांडूळ दिसतं, तंगूस आणि छर्रे मागाहून.

आता वजन. फ्लोटला अडवायचं तर तो धारेने वर उचलला जाता कामा नये, म्हणून खाली पुरेसं शिसं हवं. शिसं फार झालं तर आमिष दगडांत रुततं. इंग्लंडमधले नदीवर गळ टाकणारे एक ढोबळ हिशोब सांगतात, दर फूट खोलीला चार नंबरचा एक छर्रा आणि वर एखादा जास्तीचा. इथे पाणी चार फूट, म्हणजे पाच छर्रे, साधारण ग्रॅमभर. तेवढं पेलणारा फ्लोट घ्यायचा. पाकिटातले जाडे फ्लोट सहा-सात ग्रॅमचे होते. एक ग्रॅम लावून ते धारेत टाकले असते तर निम्म्याहून जास्त पाण्याबाहेर राहिले असते, वारा त्यांना एकीकडे ढकलणार आणि पाणी दुसरीकडे.

धारेत छर्रे लावताना एक नियम मी कधी मोडत नाही. गळाकडे जाताना छर्रे लहान होत गेले पाहिजेत आणि त्यांच्यामधलं अंतर कमी नको. मोठा छर्रा लहानाच्या खाली आला की धारेत तंगूस वाकडी चालते, गुंते पडतात. सपाट, शांत वाहणाऱ्या पट्ट्यात आम्ही छर्रे पसरून लावले. वरच्या बाजूला जिथे पाणी दगडावरून डोहात पडतं, तिथे तेच छर्रे खाली सरकवून गळाच्या वर हातभरावर एकत्र केले आणि त्याखाली सहा नंबरचा एकच ठेवला. कारण अशा उसळत्या जागेत मासा असतो तो टप्पा जेमतेम दोन-तीन हातांचा. पसरलेलं वजन तळाला पोचेपर्यंत तो टप्पा मागे पडतो. ट्राउट नेमका अशाच जागी असतो, पाणी पडतं त्याच्या कडेला, वेगाच्या आणि संथपणाच्या शिवेवर.

सकाळभर काहीच लागलं नाही आणि ते चांगलंच झालं, कारण तिचं सगळं लक्ष फ्लोटच्या चालीवर राहिलं. आमिष तळाला लागतंय का? फ्लोट अधूनमधून अगदी हलका अडखळला पाहिजे, दोन-चार वाटचालींत एखाद्या वेळी. कधीच अडखळत नसेल तर खोली बोटभर वाढवायची. दर वेळी अडखळत असेल तर कमी करायची किंवा एक छर्रा काढायचा. ती बोटभर वाढवत गेली. ज्या पट्ट्यातून तो फ्लोट सकाळपासून रिकामा गेला होता, त्याच पट्ट्यात अकराच्या सुमारास तो अडखळल्यासारखा थांबला, एक क्षण तिरका झाला आणि सरळ खाली गेला. वीतभराचा रोहू. फार मोठा नाही, पण धारेत त्याने काठी चांगली वाकवली. तिने हात ओले करून गळ सोडवला, तोंड धारेकडे करून त्याला पाण्यात धरलं आणि तो जोर लावून सुटेपर्यंत सोडलं नाही.

दुपारी तिला पारदर्शक बुडबुड्याचा फ्लोट दाखवला. आत पाणी भरता येतं, त्यामुळे टाकायला लागणारं वजन त्याच्या पोटातच असतं आणि तंगुसावर एकही छर्रा लागत नाही. ट्राउट वरचे किडे टिपत असेल तेव्हा बुडबुड्याच्या मागे हात-दीड हात बारीक तंगूस आणि तिला हलकी बनावट माशी बांधून टाकायची. डोहाच्या संथ शेपटीकडे हे उत्तम. उल्हासवर त्याला कुणी विचारलं नाही, पण टाकायचा हात तिला बसला.

खुणेचा दगड चारच्या सुमारास ओला दिसायला लागला. सामान आवरलं.

सोमवार, बेलापूर-दिवाळे

भाचीने रजा टाकली होती. माघी पौर्णिमा, उधाणाचा दिवस. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून बेलापूर, तिथून रिक्षाने दिवाळे गावाची जेट्टी. तिथले एक कोळी काका माझ्या जुन्या ओळखीचे. भरती किती वाजता पूर्ण होईल, असं भाचीने फोनवर शोधायला घेतलं, तर काका म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर." पौर्णिमेला तिथी पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत पाणी यायला थोडा उशीर धरायचा. फोनवरचं कोष्टक उघडेपर्यंत हिशोब झाला होता.

खाडीवर यायचं कारण असं, की बदलत्या खोलीचा फ्लोट कसा बांधायचा हे इथल्याइतकं कुठे शिकायला मिळत नाही. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाऊ शकते. ओहोटीपासून भरतीपर्यंत समजा ३.६ मीटर पाणी चढायचं असेल तर सहा तासांत ते सारखं चढत नाही. पहिल्या तासाला त्याचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांत दर तासाला ९० सेंटिमीटर. आम्ही आठला पोचलो ते याच जोरात. पक्क्या खोलीचा फ्लोट दर दहा मिनिटांनी सोडून बांधावा लागला असता, आणि खोली काठीच्या उंचीपलीकडे गेली की तोही टाकता येत नाही.

म्हणून सरकता फ्लोट. तंगुसावर शिवणाच्या धाग्याची घट्ट गाठ, तिच्याखाली बांगड्यांच्या दुकानातला बारीक मणी, मग फ्लोट मोकळा, खाली शिसं. टाकताना फ्लोट शिशाला येऊन भिडतो, गाठ काठीच्या कड्यांतून बाहेर जाते. पाण्यात पडलं की शिसं तंगूस ओढत खाली जातं आणि गाठ मण्याला अडेपर्यंत थांबत नाही. पाणी चढलं की गाठ बोटाने वर सरकवायची. मात्र फ्लोटच्या कडीतून तंगूस ओढून न्यायला शिसं भक्कम हवं, तीन ते पाच ग्रॅम तरी. पाकिटातले ते जाडे फ्लोट इथे पहिल्यांदा कामाला आले.

खारं पाणी काय करतं हेही तिला दाखवायचं होतं. शुक्रवारी बादलीत साधलेला बारीक टोकाचा वॅगलर, शिशासकट साधारण ५ ग्रॅमचा, तसाच जेट्टीच्या पायरीशी सोडला. बादलीत दोन सेंटिमीटर दिसणारं टोक इथे सहा सेंटिमीटर वर आलं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं आणि फेब्रुवारीत खाडी चांगलीच खारट असते. पाच ग्रॅमच्या अडीच टक्के म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम. आठ नंबरचे दोन छर्रे लावले आणि टोक जवळपास जागेवर बसलं. भाची ते दोन छर्रे लावताना आनंदाने ओरडलीच, कारण आकडा तिने आधी कागदावर काढला होता.

काकांना फ्लोटची गरज नसते. ते हातात दोरी धरतात, तर्जनीवर. शिसं तळाच्या गाळात, दोरी ताठ. "बोय कशी खाते ते बोटाला कळतं," असं म्हणत त्यांनी भाचीचं बोट दोरीखाली ठेवलं. बोय ही खाडीतली मासळी, अतिशय बुजरी. पावाचा तुकडा ओठांनी चोखत राहते, गिळत नाही. पण जेट्टीच्या खांबाशी पाणी भोवरत होतं तिथे दोन हातांच्या खोलीवर आम्ही बारीक फ्लोटवर पाव टाकला, आणि टोकाची ती सूक्ष्म थरथर पाहून काकाही खाली वाकले. पाव दोनदा गेला, तिसऱ्या वेळी बोय आली. काकांनी फ्लोट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि छर्रे मोजले. त्यांनी फ्लोटपेक्षा छर्ऱ्यांकडे आधी पाहिलं, याचं मला फार बरं वाटलं.

भरती पूर्ण झाली तशी आम्ही नेरूळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूच्या पाणथळीकडे गेलो. खाडीतले चिखलपट्टे बुडाले की रोहित पक्षी इथल्या उथळ पाण्यात येतात. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत आला. तिथे आम्ही गळ घेऊन जात नाही. इथेही काठ्या पिशवीत होत्या.

पक्षी बघता बघता शिशाचा विषय निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. पाणपक्षी पोटात खाणं दळायला बारीक खडे गिळतात. तळात सांडलेला छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. पोटात तो झिजतो आणि शिसं रक्तात जातं. इंग्लंडात राजहंस असे मरू लागले तेव्हा १९८७ पासून ०.०६ ग्रॅमहून मोठ्या आणि २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडे असा नियम नसला तरी जिथे हजारो पक्षी चिखल गाळून खातात, तिथे शिसं सांडायचं नाही हे मला पटलेलं आहे. तीर्थनच्या दगडांत तर छर्रे अडकून तुटणारच.

संध्याकाळी घरी येताना इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून शिसं नसलेली डागकामाची तार घेतली, एक मिलिमीटर जाड, आत फ्लक्स नसलेली भरीव. ती जवळपास सगळी कथिलाचीच असते. कथिल शिशापेक्षा हलकं, शिसं घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम तर कथिल ७.३, म्हणून त्याच वजनाला आकार जरा मोठा लागतो. पण हिशोब सोपा आहे. एक सेंटिमीटर तार म्हणजे आठ नंबरचा एक छर्रा. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे चार नंबरचा. सात म्हणजे बीबी. सुईवर गुंडाळून घट्ट वेटोळं करायचं, तंगुसात ओवायचं आणि टूथपिकच्या टोकाने अडकवायचं. भाचीने जेवायच्या आधीच डबीचे कप्पे भरले.

तीर्थनसाठी तिने शेवटी बरोबर घेतलं ते एवढं. एक ग्रॅम आणि दीड ग्रॅम पेलणारे, वर-खाली बांधायचे फ्लोट, प्रत्येकी दोन. संथ डोहासाठी एक वॅगलर. दोन पारदर्शक बुडबुडे. कथिलाची वेटोळी. गळाकडची तंगूस ०.१६ मिलिमीटरची. आमिष कुठलं चालतं, कुठल्या पट्ट्यात काय मनाई आहे, हे मत्स्य विभागाकडून परवाना काढताना विचारायचं आणि मगच पिशवी उघडायची, असं ठरलं. जाडे फ्लोट आणि मणी ती माझ्याकडेच ठेवून गेली, पुढच्या उधाणाला दिवाळ्यात लागतील म्हणून.